रिकामी खाच

टिव्हेटच्या गहाणवटीच्या दुकानात, काचेखाली,
चार टॅब्लेट पालथे पडलेले,
शेजारी कुणाची लग्नाची अंगठी, कुणाचं ड्रिल मशीन.
तीन स्वस्त होते. पण तिघांच्याही पोटात जीपीएस नाही,
वायफाय भेटलं तरच आपण कुठे आहोत हे सांगणारे.
आमच्या माळावर कसलं वायफाय?
तिथं खारीसुद्धा विचार करून बिळाबाहेर येतात.

"सिमची खाच बघून घे," ऑर्व्हिल टिव्हेट म्हणाला,
"सिम नाही घातलंस तरी चालेल.
खाच असली की बहुधा आत
उपग्रहाचा कानही असतो."

चौथ्याला खाच होती. कोपऱ्यात तडा. नव्वद डॉलर.
तो हातात घेऊन मी बाहेर पार्किंगमध्ये उभी राहिले,
मोंटानाच्या उन्हात पडदा दिसतो का बघत.
दिसला. माझ्या हनुवटीसकट.
मी ऐंशी म्हटलं. स्कूलबस चालवणारीचा पगार
ऑर्व्हिलला ठाऊक आहे, त्याचा नातू माझ्याच बसमध्ये
मागच्या सीटवर बसून च्युइंगम चिकटवतो.
पंच्याऐंशीला तुटलं. वर एक जुनी केबल.

आधीच्या मालकानं सगळं पुसलं होतं,
नकाशा तेवढा विसरला.
एकेचाळीस टाचण्या.
*ओढ्याकाठी, २४ पेट्या.*
*अस्वल!!*
*राणी मेली, परत ये.*
*म्हातारी चांगली आहे, पाणी देते.*
स्वयंपाकघरात उभ्या उभ्या
मी रात्री अकरापर्यंत
कुणा अनोळखी मधवाल्याचा उन्हाळा वाचला.
पुसायचं बटण समोर होतं.

रविवारी ब्रेकेंच्या कुरणात चटईवर पालथी.
हजार यार्डांवर परातीएवढी पोलादी चकती,
माझ्या डोळ्याला तांदळाचा दाणा.
टॅब्लेटनं सगळं सांगितलं:
उंची एक्केचाळीसशे फूट, अक्षांश, दिशा,
गोळी पोचेतो पाच पुरुष खाली येईल,
एकशे दोन क्लिक वर घे,
पृथ्वी फिरते त्याचे चार बोटं वेगळे.
एकच चौकोन रिकामा ठेवला त्यानं: वारा.
तो तू भर.

वाऱ्याचा नेम नाही,
आणि माझा सगळा नेम वाऱ्यावर.
गवत डावीकडे झुकलं, मधेच उठून बसलं.
मी श्वास अर्धा सोडला. मग, का कुणास ठाऊक,
दोन बोटांनी नकाशा लहान केला.

माझ्यापासून निघालेली लाल रेघ
चकतीतून, टेकडीतून पार जात होती
आणि तिच्या टोकाशी एक टाचणी:
*१२ पेट्या. हिवाळा इथंच काढतील.*
तारीख नाही.

चार वर्षं मी इथं झोपते.
टेकडी उंच आहे, मातीची आहे,
बापानं शिकवलेलं पहिलं वाक्य मी
बसमधल्या पोरांना पट्टा लावा म्हणते तसं पाठ म्हणते:
निशाण्याच्या मागे काय आहे ते आधी.
मी टेकडी बघितली होती. टेकडीच्या मागे
बघायला कधी गेले नव्हते.

बोल्ट उघडला, मॅगझिन खिशात, पिकअप काढली.

पेट्या नऊच होत्या. रंग उडालेला, गवत गळ्यापर्यंत.
आठ रिकाम्या. आतल्या चौकटी
उंदरांनी खाल्लेल्या, कुणीतरी
वाऱ्यावर सोडून दिलेलं घर.
एका झाकणाला भोक. गोल.
मी त्यात करंगळी घातली.
खिळ्याचं असेल. गाठ गळून पडली असेल लाकडातली.
करंगळी बराच वेळ तिथंच होती.

नवव्या पेटीला कान लावला.
आत गुणगुण.

सोमवारी ऑर्व्हिलला विचारलं, कुणाचा होता?
"नावं सांगत नसतो मी," तो म्हणाला.
"सोडवायला आला नाही, एवढंच."

चकती आता उत्तरेला टांगली आहे,
मागे दरड, दरडीमागे दरड. चालत जाऊन पाहिली.
एकशे तीन क्लिक, म्हणतो टॅब्लेट.
टाचण्या बेचाळीस झाल्यात.
वाऱ्याचा चौकोन अजून रिकामा,
मी गवताकडे बघतेय.